घरातली सगळ्यात वाईट स्क्रीन कोणाच्या वाट्याला?



एरवी आपण इथे स्वयंपाकघर, मुलेबाळे, पर्युषणाची तयारी यांवर बोलतो. आज लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोलायचे आहे. "हा विषय माझा नाही, मुलाला सांगते वाचायला," असे म्हणून पुढे जाऊ नका. रोज दोन-तीन तास त्या स्क्रीनकडे आपणच बघतो, तेव्हा विषय आपलाच आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. घरातला जुना लॅपटॉप चांगला चालत असेल आणि फक्त त्याची स्क्रीन कमी रिझोल्यूशनची, पुसट असेल, तर नवा लॅपटॉप घेऊ नका आणि आहे त्यावर डोळे ताणतही बसू नका. स्क्रीन तेवढी बदलून घ्या. साधारण चार-सहा हजारांचे काम आहे. आणि हा खर्च करताना "माझ्यासाठी कशाला?" हे वाक्य तोंडातून काढू नका.

आपल्या घरांत वस्तूंचा प्रवास ठरलेला असतो. नवा मोबाइल मुलाला, त्याचा जुना वडिलांना, वडिलांचा आजीला. लॅपटॉपचेही तेच. मुलगा पुण्याला शिकायला निघाला की त्याला नवा लॅपटॉप येतो. त्याचा जुना घरी राहतो आणि त्यावर दुकानाची बिले चढवायला बसते घरातली सून नाहीतर सासू. हॉलमध्ये मात्र ५५ इंची फोर-के टीव्ही असतो. तो आपण दहा फुटांवरून बघतो आणि तेवढ्या लांबून फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक बहुतेकांच्या डोळ्यांना कळतसुद्धा नाही. जिथे दोन फुटांवरून बारीक आकडे वाचायचे असतात तिथे मात्र घरातली सगळ्यात वाईट स्क्रीन!

आणि हे काम काही थोडेथोडके नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्याआधी मुनीमजी चोपडी घेऊन बसायचे. आता जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांत विक्रीची बिले, खरेदीची बिले, बँकेचा उतारा हे सगळे दुपारी जेवणे आटोपल्यावर बायकाच चढवतात. महिन्याच्या ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरे. कोणी घरून साड्या विकते, कोणी खाकरा-पापडाच्या ऑर्डरी घेते, कोणी मुलांच्या शिकवण्या घेते. अमळनेरकडच्या घरांत तर डीमॅटचे उतारेही बाईच बघते. दिवाळीत चोपड्यांच्या शेजारी आपण लॅपटॉप ठेवतो, त्यालाही कुंकू लावतो. त्यासमोर बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा विचार कोणी करत नाही.

आता स्क्रीन पुसट का दिसते ते बघू. हे समजले की दुकानदार आपल्याला घुमवू शकत नाही.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके लांब लांब असतील तर कमळाच्या पाकळीची वळणे नीट येत नाहीत, कोपरे निघतात. ठिपके जवळ जवळ घेतले की तीच पाकळी गोलसर येते. लॅपटॉपची स्क्रीन म्हणजे अशीच ठिपक्यांची रांगोळी. बऱ्याच जुन्या आणि स्वस्त लॅपटॉपांत आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे एकूण साडेदहा लाखांच्या आसपास. फुल एचडी स्क्रीनमध्ये १९२० आणि १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त. स्क्रीनचा आकार तोच, ठिपके जवळजवळ दुप्पट. १५.६ इंची स्क्रीनवर हिशेब केला तर एका इंचात १०० ठिपक्यांच्या जागी १४१ ठिपके बसतात.

इंग्रजी अक्षर कमी ठिपक्यांतही कसेबसे निभावते. आपले मराठी अक्षर मात्र तीन मजली. वर मात्रा, रफार, अनुस्वार. मधे जोडाक्षर. खाली उकार, ऋकार. एवढे सगळे त्याच ओळीच्या उंचीत बसवायचे. म्हणून जुन्या स्क्रीनवर घ आणि ध, भ आणि म, ष्ट आणि ष्ठ एकसारखे दिसायला लागतात. ज्या मैत्रिणी स्वाध्यायासाठी ग्रंथांचे स्कॅन केलेले पीडीएफ वाचतात त्यांना वेगळे सांगायला नको. प्राकृतच्या ओळीत अनुस्वार जागोजागी असतात आणि एक ठिपका दिसला नाही तर शब्द बदलतो.

आकड्यांचे तर विचारूच नका. जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा. त्यात शून्य की इंग्रजी ओ, आठ की बी, पाच की एस, हे बघायला मान पुढे जाते, डोळे बारीक होतात.

माझी मोठी बहीण, आमची जीजी, धुळ्याला असते. घरचे कापडाचे दुकान आहे, बिले तीच चढवते. मागे एका बिलात १८,८५० च्या जागी १३,८५० चढले. समोरच्या व्यापाऱ्याच्या मुनीमाचा फोन आला आणि घरात तिला ऐकावे लागले, "लक्ष कुठे असते तुझे?" जीएसटी क्रमांक चुकला तर पोर्टल अडवते, कारण त्यातले शेवटचे अक्षर पडताळणीसाठीच असते. रक्कम चुकली तर कोणी अडवत नाही. ती चूक महिन्याने उगवते आणि जिने चढवली तिच्या नावावर बसते. जीजीने आधी डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर बरोबर निघाला. मग अक्षर मोठे करून पाहिले, तर हिशेबाची उजवीकडची रकान्याची ओळच पडद्याबाहेर गेली. प्रत्येक नोंदीला आडवे सरकवायचे आणि परत यायचे.

लग्नाच्या निमित्ताने ती जळगावला आली तेव्हा लॅपटॉप बरोबर घेऊन आली. आम्ही आधी तो एका केबलने हॉलमधल्या टीव्हीला जोडला. तुम्हीही हे करून बघा, एक पैसा खर्च नाही. लॅपटॉपला एचडीएमआयची खाच असेल तर तो टीव्हीवर फुल एचडीत चित्र देतो. तीच हिशेबाची शीट तिथे उघडली तर कितीतरी जास्त ओळी एकदम दिसल्या आणि ३ आणि ८ वेगळे दिसले. जीजी म्हणाली, "म्हणजे माझे लक्ष ठिकाणावरच होते!" मला हसू आले आणि वाईटही वाटले.

पहिल्या दुकानात सांगितले, "ताई, एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करू नका, नवा घ्या." नव्याची किंमत पंचेचाळीस हजार. जीजीच्या लॅपटॉपचा प्रोसेसर ठीक होता, मेमरी पुरेशी होती, बॅटरी दोन तास टिकत होती. मग आम्ही दुसऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने समोर चौकट उघडली, स्क्रीनच्या पाठीवरचा नंबर वाचला, त्याचा फोटो काढला आणि म्हणाला, "मिळेल, मुंबईहून मागवतो." तिसऱ्या दिवशी पॅनल आले. बसवायला पाऊण तास लागला. मजुरीसकट ५,२०० रुपये झाले.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. जीजीचा चष्मा आहे तिथेच आहे. बॅटरी पूर्वीपेक्षा थोडी लवकर उतरते, कारण जास्त ठिपक्यांच्या पडद्याला तेवढ्याच उजेडासाठी जास्त वीज लागते. पण तिची मान आता पुढे जात नाही आणि बिल दोनदा वाचायची वेळ येत नाही. माझ्या मते ५,२०० रुपयांत एवढे मिळाले तर खूप झाले.

मैत्रिणींनो, कुकरची शिटी वाजेनाशी झाली तर आपण रिंग बदलतो, कुकर फेकत नाही. मिक्सरचे भांडे गळायला लागले तर भांडे बदलतो. लॅपटॉपची स्क्रीनही तशीच सुटी निघणारी वस्तू आहे. वर नाव कोणत्याही कंपनीचे असो, आतले पॅनल बहुतेक वेळा बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी डिस्प्ले अशा मोजक्या कारखान्यांतले असते. लॅपटॉपवाल्या कंपन्याही ते विकतच घेतात. एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घेतले तर एकात साधी आणि दुसऱ्यात फुल एचडी स्क्रीन असू शकते. आणि संगणकाच्या नावाने बिचकायचे तर आपल्याला कारणच नाही. विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्याच अमळनेरला झाली, तीही वनस्पती तूप बनवायला. तुपापासून निघून ती कंपनी संगणकापर्यंत पोहोचली. आपल्याला तर फक्त एक स्क्रीन बदलायची आहे.

दुकानात जाण्याआधी घरी एक गोष्ट बघा. डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. तिथे रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यासमोर रेकमेंडेड लिहिलेले असते तोच बहुतेक तुमच्या स्क्रीनचा खरा आकडा. कधी कधी स्क्रीन चांगलीच असते आणि कोणीतरी आकडा कमी करून ठेवलेला असतो. तो परत लावला की काम फुकटात होते. तिथे १३६६ × ७६८ हाच सगळ्यात मोठा आकडा असेल तर मात्र स्क्रीन बदलण्याचा विचार करा.

मग कारागिराला या गोष्टी विचारा. कागदावर लिहून न्या, लाजू नका.

एक, जोड कसला आहे? साधारण २०१२-१३ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत ३० पिनचा जोड असतो. त्याआधीच्या मशीनमध्ये वेगळ्या पद्धतीचा ४० पिनचा जोड असायचा, आणि टच स्क्रीनच्या काही लॅपटॉपांतही ४० पिनचा असतो. जोड जुळला नाही तर पॅनल चालणार नाही. खूपच जुने मशीन असेल तर या भानगडीत पडू नका.

दोन, केबल बदलावी लागेल का? हा प्रश्न महत्त्वाचा. पॅनलपर्यंत चित्र पोहोचवणाऱ्या तारांच्या जोड्या असतात. साध्या स्क्रीनला एक जोडी पुरते, फुल एचडीला बहुधा दोन लागतात. काही कंपन्या स्वस्त मॉडेलमध्ये एकाच जोडीची केबल घालतात. तिथे नवे पॅनल लावले तरी पडदा काळा राहतो किंवा चित्र फाटते. अशा वेळी फुल एचडीची केबलही मागवावी लागते. हे आधी बोलून घेतले की नंतर वाद होत नाही.

तीन, आकार आणि बसवणी. १५.६ इंच म्हटले तरी काही पॅनलना बाजूला स्क्रूचे कान असतात आणि काही बिनकानाची, चिकटपट्टीवर बसणारी असतात. पाठीवरचा नंबर बघूनच मागवायला सांगा.

चार, पॅनल आयपीएस आहे ना? जुनी टीएन पद्धतीची स्क्रीन समोरून ठीक दिसते, पण जरा वरून किंवा बाजूने पाहिले की रंग उलटतात. आयपीएसमध्ये असे होत नाही. फुल एचडी म्हणून टीएन पॅनलही विकले जाते, म्हणून दोन्ही शब्द बिलावर लिहून घ्या. साड्यांचे, दागिन्यांचे फोटो टाकणाऱ्या मैत्रिणींनी हे विशेष बघावे. राणी रंग पाठवला आणि गिऱ्हाईक म्हणते गुलाबी निघाला, यातली निम्मी भांडणे स्क्रीनची असतात.

पाच, उजेड किती? स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त पॅनलचा २२० ते २५० असतो. आपल्या खानदेशातला एप्रिल-मेचा उजेड, त्यात दुकानाचे शटर उघडे, तिथे ३०० च्या आसपासचे मिळाले तर घ्या.

सहा, काम समोर करा आणि उघडताच आधी बॅटरीचा जोड काढा. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनची केबल ओढली तर उजेडाचा फ्यूज उडू शकतो. चांगला कारागीर हे न सांगताच करतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर मात्र बाहेर उघडू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

जळगावात गोलाणी मार्केटमध्ये एक चक्कर मारली तरी दोन-तीन ठिकाणचे भाव कळतात. भाव विचारायला पैसे लागत नाहीत.

नवी स्क्रीन लागली की पहिल्या दिवशी बहुतेकींची तक्रार येते, "अगं, अक्षर तर अजून बारीक झाले!" घाबरू नका. ठिपके बारीक झाले म्हणून अक्षरही लहान दिसते. त्याच डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्केल म्हणून पर्याय असतो, तो १२५ टक्के करा. अक्षर जवळपास पूर्वीएवढे होते, पण स्वच्छ दिसते, आणि पूर्वीपेक्षा थोडी जास्त जागाही मिळते. चाळिशी लागली असेल तर १५० टक्के करा. मग जागा पूर्वीपेक्षा किंचित कमी होते, पण अक्षर छापील पुस्तकासारखे ठसठशीत येते. काही जुनी सॉफ्टवेअर हे स्केलिंग नीट पाळत नाहीत आणि पुसट दिसतात. त्यांच्यासाठी आतल्या फॉन्टचा आकार वाढवावा.

मग एवढे करायचेच तर फोर-के का नको? दुकानदार हे नक्की विचारेल. उत्तर सोपे आहे. मोबाइल आपण दहा-बारा इंचांवर धरतो, म्हणून त्याला इंचाला तीनशे-चारशे ठिपके लागतात. लॅपटॉप आपण पावणेदोन-दोन फुटांवर ठेवतो. निरोगी डोळ्याला दोन फुटांवरून इंचाला साधारण १४० ठिपक्यांच्या पुढचा फरक कळेनासा होतो. १५.६ इंची फुल एचडी बरोबर तिथे पोहोचते. त्याच्या दुप्पट ठिपक्यांसाठी जास्त पैसे, जास्त बॅटरी आणि वेगळी केबल हा सगळा खर्च दिखाव्याचा होतो. गरज कुठे संपते हे मोजून सांगता येईल अशा गोष्टी आयुष्यात फार थोड्या असतात. ही त्यातली एक आहे, म्हणून तिथेच थांबावे.

इथे काही मैत्रिणी म्हणतील, "आहे त्यात भागवावे, हेच तर आपल्याला शिकवले आहे." मला ते मान्य आहे. परिग्रह कमी करायचा तर वस्तू कमी घ्याव्यात, आहे ती पुरवून वापरावी. पण मग हिशेब सगळ्यांचा सारखा करा. चालता लॅपटॉप टाकून पंचेचाळीस हजारांचा नवा आणणे हा परिग्रह, की त्याच लॅपटॉपचा एक भाग बदलून त्याला आणखी चार-पाच वर्षे चालवणे? आणि "भागव" हा शब्द दर वेळी घरातल्या एकाच माणसाला ऐकवला जात असेल तर त्याला त्याग म्हणू नये. त्याग स्वतःच्या मर्जीने करायचा असतो.

दुसरी बाजू सासूबाई मांडतात, "स्क्रीनच कमी बघा ना, डोळे आपोआप बरे राहतील." बरोबर आहे त्यांचे. चांगली स्क्रीन लावली म्हणून चार तास सलग बसू नका. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तसे दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघा, पापण्या मिटा-उघडा. पण दुकानाची बिले चढवायचीच आहेत. स्क्रीन पुसट आहे म्हणून ती कमी होत नाहीत, उलट त्याच कामाला जास्त वेळ लागतो.

काढलेली जुनी स्क्रीन भंगारात टाकू नका. ती चालू असते. कोणाची तरी स्क्रीन फुटलेली असते आणि त्याच्याकडे नव्याला पैसे नसतात. कारागिराला देऊन टाका, किंवा थोडे पैसे कमी करून घ्या. खराबच असेल तर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत ठिकाणी द्या. त्यासाठीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत. आणि कोणी कंपनी दुरुस्ती टाळून नवेच गळ्यात मारू लागली तर हेही माहीत असू द्या की ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे. दुरुस्ती मागणे म्हणजे कंजूषपणा, असे आता सरकारही मानत नाही.

ज्यांचा लॅपटॉप कायम एका टेबलावरच असतो त्यांनी पॅनल न बदलता २२ किंवा २४ इंची फुल एचडी मॉनिटर जोडला तरी चालेल. मशीन उघडायला लागत नाही आणि मानही सरळ राहते. ज्यांना दुकान-घर असा लॅपटॉप न्यावा लागतो त्यांनी पॅनल बदलावे.

यंदाच्या दिवाळीच्या खरेदीची यादी तुम्ही केली असेलच. मुलाचे, सुनेचे, जावईबापूंचे सगळे लिहून झाले असेल. त्या यादीत ही एक ओळ घाला, आणि ती दुकानाच्या खर्चात लिहा, स्वतःच्या हौसेत लिहू नका. कारण त्या स्क्रीनवर तुम्ही जे वाचता ते दुकानाचेच असते.